सीपीयू म्हणजे डबा नव्हे: संगणकाचे भाग आणि नेटवर्क यांचे शब्द नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

"तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?" एवढ्या एका वाक्यावर कार्यालयातली अकरा मशिनं, दोन प्रिंटर आणि एक राउटर माझ्या गळ्यात पडले. मला कळत होतं ते इतकंच, की बंद करून चालू केलं की बहुतेक वेळा चालतं. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचं एक मशीन रुसलं. मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला, "सीपीयू चालू होत नाहीये." पलीकडून शांतपणे प्रश्न आले, "सीपीयू म्हणजे प्रोसेसर की अख्खा डबा? पंखा फिरतोय? बीप येतोय? मॉनिटरचा दिवा कुठल्या रंगाचा आहे?" एकेका उत्तरासाठी मी जिना उतरत होतो. चौथ्या फेरीत कळलं, मॉनिटरची केबल सैल झाली होती.

त्या दिवशी मी शब्दांची एक वही घातली. खाली आहे ते त्या वहीतलंच. क्रम पाठ्यपुस्तकातला नाही. बिघाड शोधताना मी ज्या क्रमानं जातो तो आहे. आधी डब्याच्या आत, मग डब्यामागची भोकं, मग केबल, मग भिंतीपलीकडे. कुठल्या शब्दानं मला कुठे फसवलं तेही लिहिलंय.

हाताशी काय हवं

- फुलीच्या टोकाचा, म्हणजे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. टोक चुंबकी असेल तर पडलेला स्क्रू शोधत बसावं लागत नाही.
- टॉर्च आणि फोनचा कॅमेरा. कुठलीही वायर काढण्याआधी फोटो. "लक्षात राहील" हा भ्रम आहे.
- नक्की चालते अशी एक जास्तीची नेटवर्क केबल. अर्धे वाद तिनंच मिटतात.
- मशीनच्या किंवा मदरबोर्डच्या मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट.
- इंटरनेट जोडणीचं युजरनेम-पासवर्ड, राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तीन ओळींत लिहा.

## १. डब्याला डबा म्हणायला शिका

टेबलाखाली उभा असतो तो कॅबिनेट. सीपीयू म्हणजे त्याच्या आतली, तळहातापेक्षाही लहान चकती: प्रोसेसर. ती सहसा दिसतच नाही, कारण तिच्या डोक्यावर पंखा किंवा धातूच्या पात्यांचा हीटसिंक बसवलेला असतो. मधे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोचवणारा पेस्टचा पातळ थर असतो, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. हीटसिंक उगाच उचलून पाहू नका; उचललात तर जुना थर पुसून नवा लावावा लागतो.

प्रोसेसरच्या जाहिरातीत तीन शब्द येतात. कोर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग. चार कोर म्हणजे एका चकतीत चार कामकरी. थ्रेड म्हणजे एकाच वेळी हातात घेता येणारी कामं. काही प्रोसेसरमध्ये एक कोर दोन थ्रेड सांभाळतो. गिगाहर्ट्झ म्हणजे घड्याळाचे ठोके: ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी. पण दहा वर्षांपूर्वीचा ३ गिगाहर्ट्झ आणि आजचा ३ गिगाहर्ट्झ सारखे नसतात. एका ठोक्यात किती काम उरकतं ते पिढीगणिक वाढत गेलंय. त्यामुळे फक्त हा आकडा पाहून मशीन निवडू नका, पिढी आधी पाहा.

बाकीचे भाग भराभर सांगतो. सगळं ज्यावर बसतं तो मदरबोर्ड. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तो सॉकेट. सॉकेट जुळत नसेल तर पुढे बोलणंच संपलं. वीज पुरवतो तो एसएमपीएस, म्हणजे मागच्या बाजूला जिथे पॉवरची वायर खोचतो ती चौकोनी पेटी. ती उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यातले कपॅसिटर काही काळ वीज धरून ठेवतात आणि झटका खरोखरचा बसतो. चित्र तयार करतो तो जीपीयू. तो प्रोसेसरच्या आतच असू शकतो किंवा वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर. वेगळं कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाच्या भोकात लावायची, मदरबोर्डच्या नाही. "नवीन कार्ड टाकलं तरी फरक नाही" या तक्रारीमागे हे कारण मी स्वतः दोनदा पाहिलंय.

## २. रॅम आणि साठवण यांतला घोळ कायमचा मिटवा

"माझ्या लॅपटॉपची मेमरी ५१२ जीबी आहे." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. बोलणारा साठवणीबद्दल बोलत असतो. मेमरी म्हणजे रॅम, ती बहुधा ८ किंवा १६ जीबी असते. साठवण म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी.

रॅम म्हणजे कामाचं टेबल, साठवण म्हणजे कपाट. टेबलावर जेवढी जागा तेवढे कागद एका वेळी उघडे. वीज गेली की टेबल साफ होतं, कपाटातलं तसंच राहतं. म्हणूनच सेव्ह न केलेली फाइल जाते आणि सेव्ह केलेली राहते.

टेबल भरलं की काय होतं ते समजून घ्या, कारण "मशीन हँग होतंय" याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. रॅम संपली की ऑपरेटिंग सिस्टिम थोडा ऐवज डिस्कवर सरकवते आणि लागेल तसा परत आणते. रॅमकडून उत्तर यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवर नेमकी जागा गाठायला साधारण १० मिलिसेकंद. हा फरक लाखपटीचा आहे. डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असतो, माउस अडखळत चालतो आणि आपण प्रोसेसरला शिव्या देत बसतो.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. रोजची कामं उघडी ठेवून आकडा पाहा. सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम वाढवून फरक पडेल. ५० टक्क्यांवर असेल तर रॅम टाकून काही होणार नाही, दुखणं दुसरीकडे आहे.

आता खरेदीतले सापळे. मी पहिली रॅम आणली ती बसलीच नाही. जोर केला, पुन्हा जोर केला, मग खाच नीट पाहिली. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या पिढ्यांमध्ये पट्टीवरची खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते, चुकीची पट्टी बसू नये म्हणून. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन्ही डेस्कटॉप पट्ट्यांना पिना २८८च असतात, लांबीही सारखी. लांबून बघणाऱ्याला त्या जुळ्या बहिणी वाटतात. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तिला सोडिम म्हणतात. डेस्कटॉपची लांब, ती डिम.

काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाग देऊन चिकटवलेली असते, वाढवता येत नाही. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर "फॉर्म फॅक्टर" असं लिहिलेलं दिसेल. तिथे सोडिम ऐवजी "रो ऑफ चिप्स" असेल तर बहुधा तुमची रॅम चिकटवलेली आहे. मागचं झाकण खोलण्याआधी मॉडेलच्या पुस्तिकेत खात्री करून घ्या.

बसवताना: मशीन बंद, वायर काढलेली, लॅपटॉप असेल तर बॅटरीची जोडणी सोडवलेली. आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज तिथे उतरेल. पट्टी कडेनं धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. डेस्कटॉपची पट्टी दोन्ही टोकांना दाबायची आणि कट् असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर बसलेली नाही. बसवल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. दहातल्या बऱ्याच वेळा पट्टी अर्धवट बसलेली असते.

## ३. एसएसडी घेण्याआधी "एम डॉट टू" म्हणजे काय ते नीट वाचा

हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा, आणि त्यांच्यावर एक हात पुढे-मागे सरकतो. एसएसडीमध्ये हलणारं काहीच नसतं, फक्त चिप्स. जुनं मशीन नव्यासारखं वाटायला लावणारा एकच बदल सांगा म्हणाल तर मी डोळे मिटून हाच सांगेन.

घोळ नावांत आहे. एम डॉट टू हे आकाराचं आणि खाचेचं नाव आहे, वेगाचं नाही. च्युइंगगमच्या पट्टीसारखं ते कार्ड. त्यावर २२८० असा आकडा दिसतो: रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८० मिलिमीटर. या आकाराच्या कार्डात दोन वेगळ्या जाती मिळतात. एक साटा भाषा बोलते, दुसरी एनव्हीएमई. साटाची कमाल मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट, प्रत्यक्षात साधारण ५५० मेगाबाइट (बिट आणि बाइट यांतला फरक दहाव्या भागात आहे). एनव्हीएमई पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्डवरच्या वेगवान वाटेनं जाते. तिच्या तिसऱ्या पिढीतली कार्डंसुद्धा सेकंदाला ३५०० मेगाबाइटपर्यंत वाचतात.

काही मदरबोर्ड फक्त साटा समजतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. कार्ड नीट बसतं, स्क्रूही लागतो आणि मशीनला ते दिसतच नाही. माझं असंच झालं. तासभर मी कार्डच खराब म्हणून चडफडत होतो. खराब माझी माहिती होती. म्हणून मदरबोर्डच्या मॉडेलचं पान उघडून त्या विशिष्ट खाचेसमोर कुठला शब्द लिहिलाय तो वाचा.

एक छोटा प्रश्न हमखास येतो: "१ टीबीची घेतली आणि ९३१ जीबीच दिसते, फसवलं का?" नाही. बनवणारे १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज जीबी मोजताना १०२४ चा तीनदा गुणाकार धरते. भागून पाहा, ९३१ येतात. ५०० जीबीच्या डिस्कवर याच हिशोबानं ४६५ दिसतात.

## ४. मागची भोकं ओळखा

भोकाला पोर्ट म्हणायचं. जुनी पंधरा पिनांची, दोन स्क्रूंनी आवळायची ती व्हीजीए. ती १९८७ची आहे आणि फक्त चित्र नेते. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट चित्राबरोबर आवाजही नेतात. डिस्प्लेपोर्टचा फक्त एक कोपरा कापलेला असतो आणि बऱ्याच केबलना खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढू नका.

यूएसबीची नावं मात्र कुणी शांत डोक्यानं ठेवलेली नाहीत. २००० साली आलेली यूएसबी २.० सेकंदाला ४८० मेगाबिट. २००८ ची यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिट. पुढे याच ३.० ला "३.१ जेन १" म्हटलं गेलं, आणि नंतर "३.२ जेन १". वस्तू तीच, पाटी तिसरी. त्यामुळे खोक्यावरचं नाव सोडा, गिगाबिटचा आकडा वाचा. ३.० चं भोक बहुधा आतून निळं असतं, पण निळं असलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

यूएसबी-सी हे टोकाच्या आकाराचं नाव आहे, एम डॉट टू सारखंच. त्या भोकातून चित्र बाहेर येईल की नाही, लॅपटॉप चार्ज होईल की नाही, हे दोन्ही त्या त्या मशीनवर अवलंबून. केबलचंही तसंच: काही स्वस्त केबलमध्ये फक्त विजेच्या तारा असतात. फोन चार्ज होतो, फोटो मात्र संगणकाला दिसत नाहीत.

## ५. चालू होताना पडद्यामागे काय चालतं

बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्सच्या आधी जागा होतो तो बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला छोटा प्रोग्राम. नव्या मशिनांत त्याची जागा यूईएफआयनं घेतली आहे, पण सगळे अजून बायोसच म्हणतात. तो रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का अशी हजेरी घेतो. ही हजेरी म्हणजे पोस्ट. कुणी गैरहजर असेल तर बीप वाजतात किंवा बोर्डावर एखादा दिवा लागतो. बीपांचा अर्थ बोर्डागणिक वेगळा असतो, म्हणून किती वेळा आणि लांब की आखूड ते लिहून घ्या, मग पुस्तिकेत बघा.

तारीख-वेळेचं घड्याळ मशीन बंद असतानाही चालू राहतं ते एका नाण्याएवढ्या सेलवर. त्याला सीमॉस बॅटरी म्हणतात. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. आमच्या एका मशीनवर रोज सकाळी सगळ्या वेबसाइट "जोडणी सुरक्षित नाही" म्हणायच्या. मी ब्राउझर पुन्हा टाकला, अँटिव्हायरस काढला, राउटरला दोष दिला. शेवटी कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं: ते मशीन रोज सकाळी कित्येक वर्षं मागे जात होतं. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. मशीनच्या लेखी ती सुरूच झालेली नव्हती. सेल बदलला, विषय संपला.

## ६. डब्याबाहेर: मोडेम, राउटर, स्विच

घरोघरी हे तिघे बऱ्याचदा एकाच प्लास्टिकच्या खोक्यात राहतात, म्हणून गोंधळ होतो.

मोडेम बाहेरून येणाऱ्या तारेची भाषा आपल्या भाषेत आणतो. फायबर असेल तर हे काम करणाऱ्या पेटीला ओएनटी म्हणतात. राउटर हा दोन नेटवर्कांच्या वेशीवर बसतो, एकीकडे तुमची आतली मंडळी, दुसरीकडे बाहेरचं जग, आणि कुठलं पाकीट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, कुठे जायचं ते ठरवतो. स्विच आतल्या मंडळींना एकमेकांशी जोडतो. त्याला बाहेरचं काही माहीत नसतं. ॲक्सेस पॉइंट म्हणजे तारेवरच्या नेटवर्कला हवेत सोडणारा, वाय-फाय देणारा भाग.

आतल्या नेटवर्कला लॅन म्हणतात, बाहेरच्या बाजूला वॅन. राउटरच्या मागे एक भोक वेगळ्या रंगाचं किंवा थोडं बाजूला असतं ते वॅन. बाहेरून आलेली केबल तिथेच लावायची.

राउटरवर पॉवरचं बटण वेगळं आणि टाचणी खुपसायचं बारीक भोक वेगळं. ते भोक म्हणजे रीसेट. "रीस्टार्ट कर" असं मला फोनवर सांगितलं होतं, मी टाचणी शोधून आणली. दहा सेकंद दाबून धरल्यावर राउटर कारखान्यातून आला तसा कोरा झाला. इंटरनेट जोडणीचं युजरनेमही त्याच्याबरोबर गेलं आणि ते कुणाकडेच लिहिलेलं नव्हतं. वर सामानाच्या यादीत तीन ओळी लिहायला सांगितल्या त्या म्हणूनच.

## ७. केबलवर संशय घ्यायला शिका

नेटवर्क केबलच्या टोकाला जे पारदर्शक प्लास्टिक असतं त्याला आरजे ४५ म्हणतात. टेलिफोनचं आरजे ११ त्याहून अरुंद. आत आठ तारा, चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी पिळलेली. पीळ शोभेचा नाही: बाहेरचा विजेचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखा पडतो आणि घेणाऱ्या टोकाला वजा होतो. टोक बसवताना पीळ फार उलगडला की हाच फायदा जातो.

केबलच्या अंगावर प्रकार छापलेला असतो. कॅट ५ई १ गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते. कॅट ६ वर १० गिगाबिटही चालतं, पण साधारण ५५ मीटरपर्यंतच.

आता माझ्या वहीतलं सगळ्यात उपयोगाचं पान. १०० मेगाबिटच्या जोडणीला चारपैकी दोनच जोड्या लागतात. १ गिगाबिटला चारही लागतात. म्हणजे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार आत तुटली तर नेट बहुधा बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. दिवा लागलेला, सगळं सुरू, पण वेग काही केल्या ९५ च्या वर जात नाही. असा ९५ च्या आसपास अडकलेला आकडा दिसला की कंपनीला फोन करण्याआधी ती जास्तीची केबल लावून बघा.

आणि एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचू नका. हसू नका, टेबलाखाली अंधारात होतं ते. साध्या स्विचमध्ये तीच पाकिटं गोल गोल फिरत राहतात, सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकतात आणि अख्खं नेटवर्क आडवं होतं.

## ८. पत्त्यांचा कारभार

इथे नवखे घाबरतात. शब्द पाचच आहेत.

मॅक ॲड्रेस हा नेटवर्क कार्डाला कारखान्यात मिळालेला क्रमांक, ४८ बिटांचा, बारा अंक-अक्षरांत लिहिलेला. जन्मखूण म्हणा. हल्लीचे फोन मात्र वाय-फायवर मुद्दाम बनावट मॅक दाखवतात, खाजगीपणासाठी.

आयपी ॲड्रेस हा त्या नेटवर्कमधला सध्याचा पत्ता. जागा बदलली की बदलतो. १९८१ पासून चालत आलेल्या चौथ्या आवृत्तीत तो चार आकड्यांचा असतो, प्रत्येक ० ते २५५. असे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाला ते पुरले नाहीत, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. सहाव्या आवृत्तीत १२८ बिट आहेत, तिथे टंचाई नाही. तोवर चौथीचा गाडा चालवण्यासाठी युक्ती अशी: १० नं, १९२.१६८ नं आणि १७२.१६ ते १७२.३१ नं सुरू होणारे पत्ते आतल्या वापरासाठी राखून ठेवले. ते कुणीही आपापल्या घरात वापरावेत. बाहेर जाताना राउटर सगळ्यांना आपला एकच सार्वजनिक पत्ता देतो. या अदलाबदलीला नॅट म्हणतात.

गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार, अर्थात राउटरचा आतल्या बाजूचा पत्ता. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१.

डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटणारा कारकून. मशीन जोडलं की ते ओरडतं, "कुणी पत्ता देता का?" आणि राउटरमधला हा कारकून एक आकडा काही मुदतीसाठी देतो. कुणीच उत्तर दिलं नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता लावून घेतं. हा आकडा पाठ करा. तो दिसला की अर्थ एकच: मशीन ओरडलं, पण वाटणाऱ्यापर्यंत आवाज पोचला नाही. केबल, स्विच, नाहीतर राउटर.

उलटा प्रकारही होतो आणि तो मी स्वतः घडवून आणला. पोर्ट कमी पडत होते म्हणून कपाटातला जुना राउटर स्विचसारखा जोडला. त्याच्यातला कारकून जागाच होता. आता नेटवर्कमध्ये वाटणारे दोन. निम्म्या मशिनांना १९२.१६८.१ चे पत्ते, उरलेल्यांना १९२.१६८.० चे. ज्यांना दुसऱ्याचे मिळाले त्यांचा प्रिंटर गायब, इंटरनेट गायब. मशीन बंद-चालू केलं की कधी सुधारायचं, कधी नाही. दोन दिवस गेले. जुना राउटर असा वापरायचाच असेल तर आधी त्यातलं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता वेगळा ठेवा आणि केबल त्याच्या लॅनच्या भोकात लावा.

डीएनएस म्हणजे नावावरून आकडा सांगणारी वही. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली तिची रचना मांडली. आपण नाव टाइप करतो, डीएनएस आयपी सांगतो, मग ब्राउझर तिकडे जातो. ती बंद पडली तर तार ठीक, राउटर ठीक, वेबसाइट मात्र एकही उघडत नाही.

## ९. वाय-फाय

दोन पट्टे लक्षात ठेवा. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण गर्दीचा: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे तिथेच. त्यातले १, ६ आणि ११ हे चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून हाताने निवडायचं तर यांतलंच निवडा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींत दमतो. राउटरच्या नावापुढे "५जी" लिहिलेलं असतं ते या पट्ट्यासाठी. मोबाइलच्या पाचव्या पिढीच्या ५जी शी त्याचा काडीचा संबंध नाही.

नेटवर्कचं नाव म्हणजे एसएसआयडी. सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ निवडा. डब्ल्यूईपी दिसलं तर ते कुलूप नाही, कडी आहे. आणि वाय-फायचा पासवर्ड बदलला म्हणून राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड बदलत नाही. तो कारखान्याचाच राहिलेला असतो, तोही बदला.

## १०. वेगाचे आकडे वाचा

लहान बी म्हणजे बिट, कॅपिटल बी म्हणजे बाइट, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. इंटरनेट कंपन्या बिटात बोलतात, डाउनलोडची खिडकी बाइटात. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट दिसले तर ते शंभर टक्के आहे. ४ जीबीची फाइल अशा जोडणीवर लवकरात लवकर ५ मिनिटं २० सेकंदांत उतरेल.

दुसरा आकडा लेटन्सी: पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. बँडविड्थ म्हणजे रस्ता किती रुंद, लेटन्सी म्हणजे गाव किती लांब. व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळत असतील तर रुंदी वाढवून भागणार नाही.

## ११. "नेट बंद आहे" म्हणण्याआधी चार पायऱ्या

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. आयपीकॉन्फिग (ipconfig) हा शब्द इंग्रजीत, सलग टाइप करून एंटर मारा. आयपी आणि गेटवे कागदावर उतरवा. मग पिंग (ping), एक मोकळी जागा, आणि खालचे पत्ते एकेक करून:

1. १२७.०.०.१: हे मशीन स्वतःलाच हाक मारतं. इथेच उत्तर नाही तर दुखणं मशीनच्या नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये.
2. गेटवेचा पत्ता: उत्तर नाही तर केबल, वाय-फाय किंवा स्विच.
3. ८.८.८.८: हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस. गेटवे बोलतो आणि हा बोलत नाही, तर राउटरच्या पलीकडे, म्हणजे बाहेरच्या जोडणीत.
4. एखाद्या वेबसाइटचं नाव: आकड्याला उत्तर येतं आणि नावाला नाही, तर डीएनएस.

काही यंत्रं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, त्यामुळे एकाच मौनावरून निकाल देऊ नका. दुसरा पत्ता, दुसरं मशीन वापरून पाहा.

यानंतर फोन करा. मी हल्ली करतो तो साधारण असा असतो: "तारेवरचं मशीन आहे, आयपी १९२.१६८.१.२३, गेटवेला पिंग जातं, १ मिलिसेकंद. ८.८.८.८ ला जात नाही, दुसऱ्या मशीनवरूनही नाही. राउटर एकदा बंद-चालू केलाय, रीसेट केलेला नाही. ओएनटीवर लाल दिवा आहे." पलीकडचा माणूस आता पंखा फिरतोय का असं विचारत नाही. तो लाल दिव्याखाली काय लिहिलंय ते विचारतो, आणि ते मी जिना न उतरता सांगू शकतो, कारण फोन करण्याआधी त्याचा फोटो काढलेला असतो.